घरट्यातलं जाकीट

टेलरताईंच्या दुकानात दोन मशिनं होती, कापायचं लांब टेबल होतं, इस्त्री होती आणि भिंतीवर एक टीव्ही होता. त्या टीव्हीवर मालिका लागत नसत की बातम्या. सकाळी शटर वर गेलं की पडद्यावर एक घरटं उगवायचं आणि शटर खाली येईपर्यंत तेच दिसत राहायचं. घरटं गावाबाहेरच्या खाडीतलं. तिथं एका उंच खांबावर ऑस्प्रेची, म्हणजे मासे मारून खाणाऱ्या घारीची, जोडी दरवर्षी येऊन संसार थाटत असे. पक्षीकेंद्रातल्या लोकांनी वर कॅमेरा बसवला होता, त्यामुळे त्या जोडप्याचा सगळा संसार ज्याला हवा त्याला घरबसल्या बघता येत होता.

दोन वर्षांपूर्वी कुण्या गिऱ्हाइकानं 'बघा तर एकदा' म्हणून टेलरताईंना हे दाखवलं. तोवर त्यांची पक्ष्यांशी ओळख म्हणजे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर त्यांनी केलेली घाण, एवढीच होती. पण घरट्यानं त्यांना जे धरलं ते सोडलं नाही. दिवसभर काटक्या आणि मासे वाहून आणणाऱ्या नराचं नाव त्यांनी 'हमाल' ठेवलं आणि त्यानं आणलेली प्रत्येक काटकी नाक मुरडून दुसरीकडे सरकवणाऱ्या मादीचं 'मालकीण'. ही नावं अशी चपखल बसली की चित्राखाली लिहून गप्पा मारणारे शेकडो बघेही तीच वापरू लागले.

हळूहळू दुकानातही मंडळ जमलं. समोरचे चष्मेवाले गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून येत, आणि गिऱ्हाईक असलं तरी कधीकधी त्याला अक्षरांच्या पाटीसमोर बसवून येत. नर्सबाई सकाळची ड्यूटी संपवून येत आणि पिल्लांच्या श्वासांकडे लक्ष ठेवत. निवृत्त बँडमास्तर रोज अकराच्या ठोक्याला हजर होत आणि मासा घरट्यात पडला की मांडीवर हलकेच ताल धरत. टेलरताईंची नणंद तेवढी टीव्हीकडे पाठ करून काजं-बटणं करत बसे. "मला ते जिवंत मासे फाडणं बघवत नाही," ती म्हणायची. मात्र कोणता मासा होता, हे ती दर वेळी विचारून घेई.

तर एके दिवशी सकाळी बँडमास्तर आले ते बसले नाहीत. टेबलाजवळ उभे राहून म्हणाले, "ताई, झालं का माझं जाकीट?"

"कुठलं जाकीट?"

"अहो, किरमिजी. सोनेरी गोट लावलेलं. पोटाला सैल करायला दिलंय ना तुमच्याकडे, मागच्या मंगळवारी."

टेलरताईंनी दातांत धरलेल्या टाचण्या काढल्या. "मास्तर, तुम्ही मला जाकीट दिलेलं नाही."

"दिलंय हो! पहिलं अंडं फुटलं त्या दिवशी."

"अंडं मंगळवारी फुटलं, हे बरोबर. जाकिटाचं मात्र काही खरं नाही." त्यांनी वही उघडून मास्तरांपुढे फिरवली. "हे बघा. मंगळवार. दोन परकर, शाळेचा एक गणवेश, पडद्याच्या कडा. जाकीट कुठं आहे? बावीस वर्षं झाली मला दुकान टाकून. माझ्याकडे आलेलं बटणसुद्धा कधी हरवलेलं नाही."

हे खरंच होतं आणि टेलरताईंना ते ऐकवायला आवडतही असे. मास्तरांनी वहीवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा वरून खाली फिरवलं. मग ते खुर्चीवर बसले. टीव्हीवर मालकीण पिल्लाला कणाकणानं मासा भरवत होती, पण ते तिकडे बघत नव्हते.

"घरी तर नाही," ते म्हणाले. "मी ते पिशवीत घालून निघालो, एवढं नक्की. मग मी ते दिलं कुणाला?"

"आठवेल हो," नर्सबाई म्हणाल्या.

"तेच तर," मास्तर म्हणाले. "नाही ना आठवत."

इथवर ही गोष्ट एका जाकिटाची होती. पण मास्तर एकटे राहत होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि लेक दुसऱ्या शहरात होती. ती रोज फोन करायची, आणि मास्तरांनी त्या दिवशी फोनवर तिला ही हकीकत जरा जास्तच सविस्तर सांगितली. शनिवारी लेक येऊन दाखल झाली. तिनं गॅस तपासला, औषधांच्या पुड्या मोजल्या, फ्रिजमध्ये मास्तरांची चष्म्याची डबी सापडल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, आता तुम्ही माझ्याकडे यायचं."

"चष्म्याची डबी फ्रिजमध्ये मी तीस वर्षं ठेवतोय," मास्तर म्हणाले. "तुझी आई असताना ती काढून ठेवायची, एवढंच."

लेकीनं ऐकलं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत मास्तरांचे डॉक्टर झाले, रक्ताच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे. पण डॉक्टरांच्या बोलण्यानं ज्याचा धीर सुटलाय त्याचा परत येतो असं नाही. मास्तर सगळं चिठ्ठ्यांवर लिहू लागले. दुकानात येऊन बसले तरी खिशातून चिठ्ठी काढून बघत आणि मगच म्हणत, "हां, आज गुरुवार." बागेतल्या चौथऱ्यावर जुन्या बँडचा कार्यक्रम ठरला होता. तीस वर्षांनी सगळे वादक एकत्र येणार होते आणि पुढे छडी घेऊन मास्तरच उभे राहणार होते. त्यांनी क्लॅरिनेटवाल्याला निरोप धाडला की तूच उभा राहा, मला मधेच सूर आठवला नाही तर सगळ्यांची शोभा होईल.

हे ऐकून टेलरताईंनी मशीन थांबवलं. "पण माझा काय दोष त्यात?" त्या नणंदेला म्हणाल्या. "जे दिलंच नाही ते दिलं म्हणू का?"

"मी कुठं काय म्हणाले?" नणंद दोरा दातानं तोडत म्हणाली.

आणि मग तो गुरुवार उजाडला. पिल्लं तीन आठवड्यांची झाली होती, डोक्यावर राखाडी लव घेऊन घरट्यात लोळत होती. साडेअकराच्या सुमारास हमाल उडत आला. त्याच्या पंजात मासा नव्हता, काटकी नव्हती. एक कापड होतं. त्यानं ते घरट्याच्या कडेला टाकलं, मालकिणीनं ते चोचीनं उचलून उलटं केलं, आणि कॅमेऱ्यासमोर किरमिजी रंगाचा, सोनेरी काठाचा एक तुकडा वाऱ्यावर फडफडू लागला.

टेलरताईंच्या हातातली कात्री टेबलावर पडली.

चित्राखालच्या गप्पांना उधाण आलं. 'हमालानं पडदा आणला!' 'मालकिणीला साडी आणली असेल.' 'सोनेरी कडा दिसतेय, कुणाचा तरी समारंभाचा पोशाख आहे.' चष्मेवाले रस्ता ओलांडून धावत आले. त्यांच्या हातात भिंग होतं. ते स्टुलावर चढले आणि टीव्हीच्या काचेला नाक लावून त्यांनी निरीक्षण केलं.

"गोट आहे," ते म्हणाले. "सोनेरी. हातशिलाईचा."

"भिंगातून टीव्हीवरची हातशिलाई दिसते तुम्हाला?" नणंदेनं विचारलं.

"पस्तीस वर्षं नजरेचाच धंदा करतोय मी," चष्मेवाले म्हणाले. "हे जाकीट आहे. ती बघा, काखेची गोलाई."

टेलरताईंनी टीव्ही बंद केला.

"अहो ताई!" चष्मेवाले स्टुलावरून ओरडले. फिटिंगच्या पडद्यामागून एक गिऱ्हाईक अर्धा सदरा घालून बाहेर आलं. "लाइट गेले का? आत्ता तर मासा यायचा होता!" टेलरताईंनी मुकाट्यानं टीव्ही पुन्हा लावला. मास्तर त्या दिवशी आले नव्हते, एवढंच काय ते बरं. लेक त्यांना घेऊन घरातलं सामान आवरत होती. सोमवारी घराला कुलूप लावून दोघं जाणार होते.

आणि आता टेलरताईंना आठवू लागलं. आधी नुसता रंग आठवला. मग कापडाचा हाताला झालेला स्पर्श आठवला. दुपारी डबा खाताना डांबरगोळ्यांचा वास आठवला. चारच्या चहाला तर मास्तर दारात उभे राहून 'ताई, पोटाला जरा सैल करा हं' म्हणाले, तो आवाजसुद्धा कानात घुमला. अंडं फुटत होतं, आतून चोच दिसत होती, सगळं दुकान टीव्हीकडे बघत होतं आणि आपण मागे न बघताच हात पुढे करून पिशवी घेतली!

"म्हणून वहीत नोंद नाही," त्या नणंदेला हळू आवाजात म्हणाल्या.

"मग जाकीट खाडीत गेलं कसं?"

"डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून मी ते गच्चीवर दोरीवर टाकलं असणार. वाऱ्यानं उडून मागच्या ओढ्यात पडलं. ओढा कुठं जातो? खाडीत."

"तीन आठवडे पोहत होतं का ते?"

"काठाला अडकलं असेल."

"वहिनी, तुम्ही चिमटा लावल्याशिवाय हातरुमालसुद्धा वाळत घालत नाही."

"त्या दिवशी अंडं फुटत होतं!" टेलरताई म्हणाल्या.  त्या दिवशी नेमकी नणंद दाताच्या डॉक्टरकडे गेलेली होती, त्यामुळे तिला साक्षही देता येईना.

संध्याकाळी पक्षीकेंद्राची सूचना आली. कापडाला दोरा लोंबत होता, पिल्लाच्या पायाला अडकला तर जिवावर बेतायचं. तेव्हा शनिवारी दुपारी बारा वाजता केंद्राची माणसं शिडीची गाडी घेऊन खांबावर चढतील आणि कापड काढतील. सगळं थेट दाखवलं जाईल. खाली आणखी एक ओळ होती: 'कापड कुणाचं असल्यास ओळख पटवून घेऊन जावं.'

टेलरताईंना त्या रात्री धड झोप लागली नाही. बावीस वर्षांचं नाव शनिवारी दुपारी बारा वाजता शेकडो लोकांसमोर शिडीवरून खाली येणार होतं. पण कूस बदलली की त्यांना आपलं नाव दिसेनासं होई आणि चिठ्ठीत बघून 'आज गुरुवार' म्हणणारे मास्तर दिसत. शुक्रवारी सकाळी त्यांनी दुकान नणंदेवर सोपवलं आणि मास्तरांचं घर गाठलं.

दार लेकीनं उघडलं. आत खोकी बांधून ठेवली होती. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. पंख्याच्या बटणाखाली 'पंखा', त्याच्या शेजारी 'दिवा', दाराच्या आतल्या बाजूला 'किल्ली? चष्मा? दात?' मास्तर खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या मांडीवर कॉर्नेट या तुतारीसारख्या वाद्याची पेटी होती आणि तिच्यावरही चिठ्ठी होती. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मास्तर," टेलरताई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "जाकीट तुम्ही मला दिलं होतं."

मास्तरांनी मान वर केली.

"मंगळवारीच दिलंत. पिशवीत घालून. 'पोटाला जरा सैल करा हं' म्हणालात. मी टीव्हीत गुंतले होते, नोंद केली नाही. मग माझ्याच हातून ते उडून गेलं आणि आता ते त्या घरट्यात आहे. उद्या काढणार आहेत. तुम्ही काही विसरला नव्हता. विसरले ती मी. आणि वर तुम्हालाच वही दाखवली."

 लेक चिकटपट्टी हातात धरून उभी होती.

"म्हणजे मी बरोबर सांगत होतो," मास्तर म्हणाले.

"अगदी अक्षरन् अक्षर."

मास्तरांनी पेटीवरची कोरी चिठ्ठी बोटानं चाचपली. मग म्हणाले, "ताई, तीन आठवडे मी रोज सकाळी उठल्यावर आधी स्वतःचं नाव म्हणून बघत होतो. आहे ना जागेवर, म्हणून." टेलरताईंना वाटलं, आता हे रागावतील, आणि रागावले तर बरंच होईल. पण मास्तर उठले. त्यांनी पंख्याखालची चिठ्ठी ओढून काढली. मग दिव्याची. मग ते घरभर फिरून चिठ्ठ्या उपटू लागले आणि लेक "बाबा, रंग निघतोय भिंतीचा!" म्हणत मागे धावू लागली. शेवटी त्यांनी पेटी उघडली, कॉर्नेट ओठांना लावलं आणि असा काही सूर सोडला की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "मास्तर, आलात का परत?"

"गेलो कुठं होतो?" मास्तर ओरडले.

लेकीला अजून खात्री वाटेना. "पण फ्रिजमधली डबी?"

"ती तिथंच राहणार," मास्तर म्हणाले. "आणि मीही इथंच राहणार."

टेलरताईंनी तिथंच टेप काढून मास्तरांचं माप घेतलं. काळजीनं पोट दोन बोटं उतरलं होतं. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी होता. किरमिजी कापड एका दुकानात मिळालं, सोनेरी गोट दुसऱ्या दुकानात मिळाला, आणि टेलरताईंनी शुक्रवारची सबंध दुपार मशीनवरून मान वर केली नाही. हमालानं मोठा मासा आणला म्हणून चष्मेवाले टाळ्या वाजवत होते, तेव्हासुद्धा नाही. तोपर्यंत मास्तरांनी सगळ्या रस्त्याला हकीकत सांगून टाकली होती, त्यामुळे लपवण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

शनिवारी पावणेबाराला दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मास्तर पुढच्या खुर्चीवर, शेजारी लेक, मागे नर्सबाई, स्टुलावर चष्मेवाले. नणंदसुद्धा आज टीव्हीकडे तोंड करून बसली होती. ठीक बाराला पडद्यावर शिडीचं टोक आलं, मग एक हेल्मेट आलं, मग केंद्रातली एक दणकट बाई आली. मालकीण आणि हमाल आरडाओरडा करत वर घिरट्या घालू लागले. पिल्लं घरट्यात चपटी झाली आणि निपचित पडली.

"मेली!" लेक किंचाळली.

"सोंग आहे ते," नर्सबाई म्हणाल्या. "श्वास बघा की. अशी सोंगं आमच्या वॉर्डात रोज बघते मी, इंजेक्शनच्या वेळी."

केंद्रातल्या बाईनं अलगद कापड सोडवलं, दोरा कापला आणि कापड झटकून दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर उभं धरलं.

जाकिटाला बाह्या नसतात, पण याला काखाही नव्हत्या. ते एक चौकोनी, जाड, चिरा पडलेलं रेक्झिन होतं. कडेनं पिवळी नायलॉनची पट्टी होती आणि मधे पांढऱ्या रंगात आकडा होता: सात. खाडीत सहलीला नेणाऱ्या होड्यांच्या बाकांवर असली आवरणं असतात. केंद्रातल्या बाईनं तसं सांगितलंही, आणि सात नंबरच्या होडीवाल्यानं ते घेऊन जावं, असंही सांगितलं.

 एकेक मान टीव्हीवरून वळून टेलरताईंकडे येऊ लागली.

"रेक्झिन असण्याची शक्यता मी धरली होती," चष्मेवाले स्टुलावरून उतरत म्हणाले.

मास्तर खुर्चीत सरकून बसले. त्यांचा हात नकळत चिठ्ठीच्या खिशाकडे गेला. "ताई," ते म्हणाले, "मग माझं जाकीट?"

 टेलरताईंनी डोळे मिटले आणि पाहिलं, तर सगळं जिथल्या तिथं होतं. रंग, वास, दारातले मास्तर, पुढे केलेला हात. "हे तुमचं नसेल," त्या ठामपणे म्हणाल्या. "पण तुमचं तुम्ही मला दिलंत, यात बदल नाही. ते आणखी कुठं उडालं असेल. मला डोळ्यांसमोर दिसतंय, मास्तर. मी शपथेवर सांगेन."

मास्तरांचा हात खिशावरून खाली आला. लेकीनं टेलरताईंकडे बघितलं आणि तिच्याही कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. शपथेवर सांगणाऱ्या बाईपुढे ती तरी काय बोलणार?

रविवारी संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर बँड उभा राहिला आणि समोर नव्या किरमिजी जाकिटात मास्तर उभे राहिले. क्लॅरिनेटवाल्यानं त्यांच्यापुढे सुरावटीच्या कागदांचा स्टँड ठेवला होता. मास्तरांनी तो उचलून बाजूला केला. पुढचा सव्वा तास त्यांनी एकाही कागदाकडे न बघता बँड वाजवून घेतला, आणि मधे ढोलवाला चुकला तेव्हा कितव्या मात्रेला चुकला ते तिथल्या तिथं सांगितलं. लेक पहिल्या रांगेत रडत होती. सोमवारी ती एकटीच आपल्या शहरात परतली. जाताना तिनं टेलरताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही नसता तर मी बाबांना उगाच घेऊन गेले असते."

गोष्ट इथं संपली असती तर टेलरताईंचं काहीच बिघडलं नसतं. पण त्याच सोमवारी दुपारी मास्तर दुकानात आले. त्यांच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि त्यांच्या मागे चष्मेवाले होते. चष्मेवाले रस्ता ओलांडताना पहिल्यांदाच इतके हळू चालत होते.

मास्तरांनी पिशवीतून किरमिजी जाकीट काढलं आणि टेबलावर पसरलं. जुनं, गोट जरासा काळवंडलेला, डांबरगोळ्यांचा भपकारा मारणारं.

"कुठं मिळालं?" टेलरताईंनी विचारलं.

मास्तरांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं. चष्मेवाल्यांनी बुटांकडे बघितलं.

"त्या मंगळवारी मास्तर आधी माझ्याकडे आले होते," चष्मेवाले म्हणाले. "चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणून. दांडी बसवून झाली तसे ते तिथूनच घरी परतले आणि पिशवी काउंटरवर राहिली. मी म्हटलं, देऊ नंतर, आणि खालच्या खणात ठेवली. तेवढ्यात तुमच्याकडून आरडाओरडा ऐकू आला, अंडं फुटलं म्हणून. मी धावत इकडे आलो. मग... मग खण आज उघडला."

"तुमच्याच खणात!" नणंद म्हणाली. "आणि तुम्ही त्या टीव्हीत हातशिलाई शोधत होता!"

"लांबचं मला चांगलं दिसतं," चष्मेवाले पुटपुटले.

टेलरताई जाकिटाकडे बघत राहिल्या. त्यांनी हळूच हात पुढे करून कापडाला स्पर्श केला. त्यांना आठवत होता तसा तो मुळीच नव्हता. आठवणीतलं कापड मऊ होतं, हे खरखरीत होतं.

"म्हणजे मी विसरलो होतो," मास्तर शांतपणे म्हणाले. "पिशवी यांच्याकडे विसरलो, आणि मग विसरलो की विसरलो. चालायचंच. यांनी खणात टाकली आणि हेही विसरले. तेही चालायचंच. पण ताई, तुम्ही!" ते टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकले. "मी दारात उभा राहून 'पोटाला जरा सैल करा हं' म्हणालो, ते तुम्हाला ऐकू आलं. मी त्या दिवशी तुमच्या दारापर्यंत पोचलोच नव्हतो! आम्हाला घडलेलं आठवलं नाही. तुम्हाला न घडलेलं आठवलं!"

टेलरताई खुर्चीवर बसल्या. "मी शपथ घेणार होते," त्या म्हणाल्या. "मास्तर, मला अजूनही दिसतंय हो ते."

"दिसू दे, दिसू दे," मास्तर म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या, पण ते रडू नव्हतं. "तुमच्या त्या आठवणीवर मी काल सव्वा तास उभा होतो. खरी असती तर याहून जास्त काय उपयोगी पडली असती?"

टेलरताईंनी पदराला हात पुसले. दुकानात त्या वेळी एवढेच चार जण होते. त्यांनी बाहेर एकदा नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर, हे आपल्या चौघांतच राहू दे. बावीस वर्षांचं नाव आहे माझं. गिऱ्हाइकांना कळलं की मला नसलेलं आठवतं, तर उद्या मापंसुद्धा कुणी माझ्या भरवशावर सोडणार नाही."

"अहो, मी?" मास्तर दोन्ही हात पसरून म्हणाले. "मी कुणाला काय सांगणार? दारापर्यंत जाईस्तोवर विसरून जाईन."

साडेपाचला औषधाच्या दुकानदारानं येऊन टेलरताईंना विचारलं की, मी तुमच्याकडे कधी काही शिवायला टाकलं होतं का, जरा आठवून सांगता? सहाला मास्तरांच्या वरच्या मजल्यावरच्या बाई येऊन गेल्या. सव्वासहाला क्लॅरिनेटवाला आला. डांबरगोळ्यांचा वास, पुढे केलेला हात, मागे न बघता घेतलेली पिशवी, गच्चीवरचा वारा, ओढा, शपथ, सगळं त्याला बारीकसारीक तपशिलासह माहीत होतं. मास्तर एक अक्षरही विसरले नव्हते.